.२२ आणि .२२३ ची काडतुसं: घरी, गाडीत आणि माळावर कशी सांभाळायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ह्यूस्टनला राहता आणि जूनमध्ये दोन मित्रांबरोबर गाडीने साउथ डकोटाला प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या छोट्या प्राण्याच्या शिकारीला निघाला आहात. .२२ एलआरची हजारेक आणि .२२३ रेमिंग्टनची सहाशे काडतुसं गॅरेजमधल्या फळीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांत आहेत. सैन्याचा जुना लोखंडी डबा घ्यावा की प्लॅस्टिकचा, सिलिका जेल खरंच लागतं का, आणि तापलेल्या गाडीत काडतुसं आपोआप उडतात का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

शेवटच्या शंकेचं उत्तर लगेच देतो: नाही, उडत नाहीत. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हाळ्यात ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान जातं. काडतुसातली दारू आपोआप पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. पण उडत नाहीत म्हणजे बिघडत नाहीत, असं मात्र नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

डबा कुठला, हा प्रश्न मी जरा बदलून घेतो. तुम्हाला काडतुसांकडून तीन वेगळी कामं हवी आहेत. वर्षभर घरी पडून राहायचं, दोन दिवस गाडीत प्रवास करायचा, आणि माळावर हाताशी राहायचं. या तिन्हींसाठी एकच डबा वापरायला गेलं की गडबड होते. घरी डबा जितका कमी उघडेल तितकं बरं. गाडीत त्याला कुलूप हवं. माळावर तर तो दर पाच मिनिटांनी उघडायचा असतो. म्हणून तीन वेगळ्या पेट्या करा. हे एवढं केलंत तर बाकीचे बरेच प्रश्न आपोआप मिटतात.

त्याआधी कायद्याचं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथलं सगळं लिखाण अमेरिकेपुरतं. तुम्ही किंवा तुमच्या मित्रांपैकी कोणी एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याला बंदूक जवळ बाळगता येत नाही, आणि काडतुसंही नाहीत. एक मुख्य अपवाद आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर चालतं. टेक्सासचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. म्हणजे जूनची सहल नियमात बसते, पण १ सप्टेंबरला नवा परवाना घेतलेला नसेल तर कपाटातला टू-टूचा (म्हणजे .२२ एलआरचा) एक खोकासुद्धा गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. व्हिसाचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा. साउथ डकोटात बाहेरच्या राज्यातल्यांना तिथला वेगळा परवाना लागतो, तो निघण्याआधीच काढा.

आता घर. ह्यूस्टनमधलं गॅरेज ही काडतुसं ठेवायची सगळ्यात वाईट जागा आहे. दिवसा पत्रा तापतो, रात्री थोडा निवतो, आणि हवा कायम ओली. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात पापड आणि फटाके सादळतात, तशीच इथे पुठ्ठ्याची खोकी सादळतात. घरातलं एसी चालू असलेल्या खोलीतलं कपाट याहून शंभर पटींनी बरं. तापमान २० ते २५ अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, आणि दोन्हींत चढउतार कमी, एवढं जमलं तर कारखान्यात बनलेली काडतुसं कित्येक दशकं टिकतात. काडतुसाचं वय फार मोजत बसू नका. ते किती वेळा तापलं आणि किती वेळा घामेजलं, यावर त्याची तब्येत ठरते. दारूत स्थिर ठेवणारं रसायन मिसळलेलं असतं आणि उष्णतेने ते लवकर खर्ची पडतं. ते संपलं की दारू आतून आंबट होते आणि पुंगळीला, म्हणजे दारू आणि गोळी धरणाऱ्या पितळी नळकांड्याला, आतूनच खायला लागते.

डबा कुठलाही घ्या, पण त्याचं रबर तपासून घ्या. सैन्याच्या वापरातला मोठा डबा, ज्याला एम२ए१ म्हणतात, आतून साधारण ११ इंच लांब, साडेपाच रुंद आणि सात खोल असतो, आणि रिकामा असतानाही त्याचं वजन सव्वादोन किलोच्या पुढे असतं. झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीवर सगळं अवलंबून आहे. कागदाची एक पट्टी झाकण आणि कडेच्या मध्ये धरून डबा बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी हे करा. कुठेही ती सहज सुटून आली तर तिथून हवा येतेय. रबर चिरलेलं नसेल तर पुसून त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं की बरेचदा काम होतं. प्लॅस्टिकचे नवे डबे हलके असतात आणि गंजत नाहीत, पण त्यांच्या कड्या जड वजनाला तुटतात. घरी ठेवायला लोखंडी, उचलायला प्लॅस्टिकचा, असं माझं मत आहे.

सिलिका जेल लागतं का? लागतं, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. जरा हिशोब करू. त्या मोठ्या डब्यात जेमतेम सात लिटर हवा मावते. ३० अंशांना ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला २४ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. म्हणजे सात लिटर हवेत किती? ग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी. एवढंसं पाणी काहीही करू शकत नाही. खरं पाणी लपलेलं असतं ते पुठ्ठ्यात. दमट गॅरेजमध्ये महिनोन्महिने पडलेला पुठ्ठा वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी धरून बसतो. तुमच्या खोक्यांचा पुठ्ठा दीडशे ग्रॅम धरला तर त्यात १५ ग्रॅम पाणी झालं. ते तुम्ही डब्यात कोंडता, डबा दिवसा तापतो, पाणी पुठ्ठ्यातून हवेत येतं, रात्री थंड पितळेवर बसतं. घट्ट डब्यात ठेवूनही काडतुसं हिरवी पडली, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. खोकी गॅरेजमधून घरात आणा, एसीच्या खोलीत झाकणं उघडून तीन-चार दिवस नुसती पसरून ठेवा. मगच डब्यात भरा आणि सोबत ४० ते ५० ग्रॅम सिलिका जेल टाका. सिलिका जेल वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी आरामात शोषतं, तेव्हा उरलंसुरलं पाणी तेवढ्यात निघतं. नारंगी दाण्यांचं घ्या. ते भरले की हिरवे होतात, म्हणजे बघून कळतं. हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा नारंगी होतात. वर्षातून दोनदा डबा उघडून दाणे बघा, आणि उघडायचं ते एसी चालू असतानाच.

काडतुसं कंपनीच्या मूळ खोक्यातच ठेवा, हे मी फार आग्रहाने सांगतो. सगळी मोकळी करून डब्यात ओतली की जास्त मावतात, दिसायलाही छान दिसतं, पण खोक्याबरोबर लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, जातो. पुढे एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला आणि कंपनीने तो परत मागवला, तर तुमच्याकडचं कुठलं त्यातलं आणि कुठलं नाही, हे सांगता येत नाही. टू-टूमध्ये तर लॉट बदलला की निशाणीही बदलते. खोक्यावर मार्करने खरेदीचा महिना आणि वर्ष टाका, जुनं आधी वापरा. डब्याच्या बाहेरून, अरुंद बाजूला, काडतुसाचं पूर्ण नाव लिहा. नुसतं '२२३' नको, '.२२३ रेमिंग्टन, ५५ ग्रेन' असं (ग्रेन हे गोळीचं वजन).

पितळेबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, कारण तिचा उगम आपल्याच देशात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याची काडतुसं भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेली असत, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूशी जोडलेलं नाव पडलं, 'सीझन क्रॅकिंग'. कारण कळायला १९२१ उजाडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी घडवताना पितळेत राहिलेला ताण, या दोघांनी मिळून पितळ तडकत होतं. आज त्याचा धडा असा, की काडतुसांच्या कपाटात अमोनियाची फरशीपुसणी, काचपुसणी किंवा मांजराच्या विधीची पेटी नको. पितळ चकचकीत करायच्या बऱ्याच द्रवांतही अमोनिया असतो. आणि आपल्या घरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा घासायच्या पावडरीने लखलखीत करायची सवय असते, ती इथे आवरा. भरलेलं काडतूस घासायचं नसतं. काळपट डाग पडला तर कोरड्या सुती फडक्याने पुसा, तपकिरी छटा राहिली तरी काही बिघडत नाही. हिरवा थर असेल आणि तो पुसल्यावर खाली खड्डा दिसला, किंवा मानेवर केसासारखी बारीक भेग दिसली, तर ते काडतूस बाजूला काढा.

कातड्याच्या पट्ट्यात काडतुसं अडकवून ठेवणं रुबाबदार दिसतं, पण साठवायला तो पट्टा वाईट. कातडं कमावताना वापरलेली आम्लं त्यात उरतात, आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसं काडतूस हिरवं चिकट होतं. दिवसभर वापरा, संध्याकाळी काढून ठेवा. तेलाचंही तसंच. बंदुकीला तेल लावलेल्या हातांनी काडतुसं हाताळू नका. टू-टूच्या गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून पातळ तेल आत झिरपू शकतं आणि प्राइमर, म्हणजे पिनच्या ठोक्याने पेटून दारूला ठिणगी देणारा मसाला, निकामी होतो. शिवाय तेलकट पुंगळी चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) भिंतीला नीट धरत नाही, सगळा धक्का मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, येतो.

टू-टूचा स्वभाव .२२३ पेक्षा खूप वेगळा आहे, म्हणून त्याला वेगळा डबा आणि वेगळी काळजी. टू-टूमध्ये प्राइमर तळाच्या कडेच्या आत फिरवून बसवलेला असतो. पुंगळीचं पितळ पातळ, गोळी शिशाची आणि बाहेरून मेणासारखं वंगण लावलेली. हे वंगण गरम गाडीत मऊ होतं आणि मग त्याला धूळ, वाळू, खिशातला कचरा चिकटतो. तो सगळा तुम्ही नळीतून ढकलता. चेंबर जाम होतो आणि निशाणी बिघडते ती बहुतेक यानेच. दुसरं, डबा वरून पडला की कडेतला प्राइमर तडकून तिथला तुकडा सुटू शकतो, आणि नेमकी तिथेच पिन बसली तर काडतूस नुसतंच 'टिक' करतं. म्हणून टू-टूचे पाचशेचे विटेसारखे खोके फळीच्या वरच्या कप्प्यात नको, खालच्या कप्प्यात ठेवा. हजार टू-टूचं वजन साडेतीन किलोच्या आतच असतं, सैन्याचाच लहान लोखंडी डबा, ज्याला .३० कॅलिबरचा डबा म्हणतात, पुरे. .२२३ ची सहाशे मात्र सात किलोपर्यंत जातात, डब्यासकट साडेनऊ. म्हणूनच एका डब्यात याहून जास्त भरू नका. अठरा-वीस किलोचा डबा उचलताना कडी सुटली तर पाय आणि काडतुसं दोन्ही जातात.

सरमिसळ हा वेगळा धोका आहे, आणि माझ्या मते दमटपणापेक्षा मोठा. दमट काडतूस बहुतेक वेळा नुसतं उडत नाही, चुकीचं काडतूस बंदूक फोडतं. तुम्ही तिघं आहात म्हणजे गाडीत तीन-चार प्रकारची काडतुसं असणार. तुमच्यापैकी कोणाकडे .३०० ब्लॅकआउट असेल तर ते या सहलीला आणूच नका. ते .२२३ च्याच पुंगळीपासून बनतं, .२२३ च्या मॅगझिनमध्ये (रायफलला काडतुसं पुरवणारी पेटी) बसतं, आणि काही वेळा .२२३ च्या चेंबरमध्येही शिरतं. ती .३० ची गोळी .२२ च्या नळीत जाऊ शकत नाही, म्हणून रायफल हातात फुटते. .२२ मॅग्नम, म्हणजे डब्ल्यूएमआरची रायफल असेल तर तिच्यात साधं टू-टू एलआर सैल जातं, उडवलं की पुंगळी फाटते आणि गरम वायू मागे येतो. .१७ एचएमआर हे त्याच मॅग्नमचं मान आवळलेलं रूप, तेव्हा त्यांचे डबे शेजारी ठेवू नका. सैन्याचं ५.५६ आणि .२२३ दिसायला जुळे असतात. .२२३ काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये चालतं, उलटं केलं की दाब वाढतो, म्हणून तुमच्या नळीवर काय कोरलंय ते वाचून घ्या. नियम सोपा आहे: टेबलावर एका वेळी एकाच रायफलची काडतुसं. रायफल बदलली की आधी जुना डबा मिटून गाडीत, मग नवा बाहेर.

इथवरचं एका दमात सांगायचं तर घरात थंड जागा, आधी वाळवलेली खोकी, घट्ट डबा, आत नारंगी दाणे, बाहेर मोठ्या अक्षरात नाव, आणि टू-टू वेगळं. घरात मुलं असतील तर काडतुसांच्या कपाटाला कुलूप आणि बंदुकीच्या कपाटाला दुसरं कुलूप, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या जागी. यात परिस्थितीनुसार असं काही नाही.

आता गाडी. टेक्सास ते साउथ डकोटा म्हणजे मध्ये तीन राज्यं आणि एक रात्र मोटेलात. राज्यांतून पार होताना केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळतं, पण त्याच्या अटी पाळल्या तरच: बंदूक रिकामी, आणि बंदूक व काडतुसं दोन्ही बसणाऱ्यांच्या हाताला सहज लागणार नाहीत अशा जागी. वेगळी डिकी असलेल्या गाडीत डिकी पुरते. एसयूव्हीत डिकी वेगळी नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते, आणि समोरचा कप्पा किंवा दोन सीटमधला खण त्यात धरला जात नाही. म्हणून लोखंडी डब्याच्या कडीला छोटं कुलूप लावा, छिद्र नसेल तर त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात. विमानाने जाणार असाल तर काडतुसं फक्त चेक-इन सामानात, त्यांच्यासाठीच बनवलेल्या खोक्यात, मोकळी अजिबात नाही. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ५ किलोची असते, म्हणजे तुमची सहाशे बसणारच नाहीत.

उष्णतेचं काय? दारू तापली की जास्त वेगाने जळते, गोळीचा वेग वाढतो, दाबही वाढतो. जुन्या धाटणीच्या दारूत दर फॅरनहाइट अंशाला वेग सेकंदाला एक फुटाच्या आसपास बदलतो असं धरा, काहींत जास्त, तापमानाला स्थिर म्हणून बनवलेल्या दारूत बराच कमी. ७० फॅरनहाइटला जुळवलेलं काडतूस १२० वर गेलं तर वेग ५० फुटांनी वाढला. ३०० यार्डांवर त्याचा फरक अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. प्रेअरी डॉग तळहाताएवढ्या रुंदीचा प्राणी. त्याच्यावर अर्ध्या इंचाने चुकत नाही, वाऱ्याने चुकतं. त्यामुळे निशाणीच्या दृष्टीने उष्णतेचा बाऊ करू नका. दाबाचा मात्र करा, विशेषतः मित्राने घरी भरलेली काडतुसं असतील आणि ती कमाल मर्यादेच्या जवळ भरलेली असतील तर. बोल्ट उचलताना जड जाणं, प्राइमर चपटा होणं, पुंगळीच्या तळाला चकचकीत ठसा उमटणं, यांपैकी काहीही दिसलं तर ती काडतुसं सावलीत ठेवून निवू द्या. तरीही तेच होत असेल तर त्या दिवसापुरती बंद.

गाडीत मी पिकनिकचा पांढरा कूलर वापरायला सांगतो, पण बर्फाशिवाय. त्याच्या जाड भिंती उन्हाला बाहेर ठेवतात. बर्फ टाकला तर मात्र उलटाच घोळ होतो. थंड पितळ बाहेर काढलं की त्याला लगेच घाम फुटतो. मोटेलात हेच दुसऱ्या रूपात घडतं. काडतुसं रात्री खोलीत आणायचीच, चोरीच्या भीतीने तरी. पण एसीच्या २० अंशांत रात्रभर थंड झालेला डबा सकाळी दमट हवेत लगेच उघडू नका. ह्यूस्टनच्या बाजूला जूनमध्ये दवबिंदूच २३-२४ अंशांच्या घरात असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही धातूवर पाणी बसणारच. डबा बंदच राहू द्या, तास-दोन तासांत तो बाहेरच्या तापमानाला येईल, मग उघडा. साउथ डकोटाच्या माळावर हवा कोरडी असते, तिथे हा त्रास कमी.

माळावर किती काडतुसं लागतात, हे प्रेअरी डॉगची वस्ती किती दाट आहे आणि वारा कसा आहे त्यावर आहे. चांगल्या दिवशी एका माणसाची २०० ते ३०० .२२३ सहज संपतात, टू-टू त्याहून जास्त. तुमची सहाशे म्हणजे एकट्याचे दोन दिवस, तिघांत फार तर एक. लोखंडी डबा गाडीतच राहू दे. टेबलावर आणायचे ते ५० किंवा १०० चे प्लॅस्टिकचे, प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच असलेले झाकणाचे खोके. त्यात टोक खाली, तळ वर असं ठेवा. दोन बोटांनी तळ धरून काढता येतं, आणि प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी असेल तर ते टोक घासत नाही. किती उरली तेही एका नजरेत दिसतं. झाकण उघडं ठेवून उन्हात बसवू नका, दर वेळी मिटा. माळावरच्या वाऱ्यात बारीक धूळ उडते, आणि काळं प्लॅस्टिक उन्हात इतकं तापतं की आतलं पितळ हातात धरवत नाही.

त्याहून जास्त तापतो तो चेंबर. पंधरा-वीस गोळ्या सलग झाडल्यावर नळीवर पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर थांबा, बोल्ट उघडा ठेवा, दुसरी रायफल घ्या. गरम चेंबरमध्ये काडतूस घालून प्राण्याची वाट बघत बसू नका. तिथे ते मिनिटभरात गाडीत दिवसभर तापलं असतं त्याहून जास्त तापतं. आधी जनावर दुर्बिणीत, मग काडतूस चेंबरमध्ये.

टू-टूसाठी खिसा वापरायचा तर एक स्वच्छ, चेन असलेला खिसा त्याच्यासाठीच ठेवा, किल्ल्या आणि सुट्टे पैसे दुसरीकडे. चालत हिंडणार असाल तर आदल्या रात्री भरलेली दहा-दहाची चार-पाच मॅगझिनं आणि ५० चा एक खोका पुरतो. मॅगझिनं झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा, धूळ गेली की टू-टूचं मॅगझिन अडकलंच.

काडतूस उडलं नाही तर नळी निशाणाच्या दिशेलाच धरून तीस सेकंद थांबा. उशिराने उडणारं काडतूस दुर्मिळ असतं, पण बोल्ट उघडताना उडालं तर तोंडासमोर उडतं. मग बोल्ट काढून तळ बघा. टू-टूवर पिनचा ठसा स्पष्ट असेल तर ते सादळलेलं किंवा तडकलेलं आहे, वेगळ्या डबीत टाका. ठसा पुसट असेल तर काडतूस चांगलं, बंदुकीची पिन किंवा घाण तपासा. आणि आवाज नेहमीचा 'टप' न येता नुसता 'फुस्स' आला तर पुढचं काडतूस घालूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून मागून प्रकाश दिसतो का बघा, नाही तर सळईने गोळी बाहेर काढूनच पुढे जा. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी गेली की नळी फुगते, कधी फाटते.

न उडलेली काडतुसं कचऱ्यात किंवा भंगारातल्या पितळेत टाकू नका. बहुतेक नेमबाजी मैदानांवर त्यांच्यासाठी वेगळी बादली असते, नाहीतर शेरिफच्या कार्यालयात फोन करून विचारा. तेलात बुडवून निकामी होतात, यावर विसंबू नका. पावसात भिजलेली .२२३ कारखान्यातली असतील तर पुसून वाळवून चालतात, पण त्या दिवशीच वापरा. भिजलेलं टू-टू, आणि विशेषतः पँटच्या खिशातून धुलाई यंत्रात जाऊन आलेलं टू-टू, सरळ त्या डबीत.

परत आल्यावर उरलेली काडतुसं मूळ खोक्यात परत, उघडी खोकी पुन्हा तीन-चार दिवस एसीच्या खोलीत, मग डब्यात. टेबलाखाली पडलेली, कुठल्या लॉटची ते आठवत नाही अशी आठ-दहा नेहमी उरतात. ती वेगळ्या खोक्यात 'सरावासाठी' असं लिहून ठेवा, चांगल्या खोक्यात मिसळू नका.

सहलीला नेलेल्या सगळ्या पिशव्या, जॅकेट आणि पँटचे खिसे उलटे करून झटका. दिवाळीला पुण्या-मुंबईला जाताना तीच पाठपिशवी घेतलीत आणि तळाच्या शिवणीत एक टू-टू राहिलं, तर विमानतळाच्या स्कॅनरवर ते दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली भारतात एका जिवंत काडतुसावरूनही गुन्हा नोंदला जातो, चुकून राहिलं हे कोर्टात सांगत बसावं लागतं, आणि रिकाम्या पुंगळीवरूनही चौकशी होऊ शकते. म्हणून शिकारीची पिशवी आणि प्रवासाची पिशवी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा, आणि शिकारीच्या पिशवीवर लाल फीत शिवून टाका, म्हणजे घरातलं दुसरं कोणी ती भारताच्या सामानात भरणार नाही.